हमालाचे काम शून्य कसे?

मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने लिहायचे ते काय? कविता मला येत नाही, कथा सुचत नाही. पण एक गोष्ट नववीपासून मनात सलते आहे. ती कधी कोणापुढे बोललो नाही. आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकत असल्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द बोलण्याचा थोडा अधिकार आला आहे, असे समजून लिहितो.

आमचे गाव कोहिनूर. जगप्रसिद्ध हिऱ्याचे नाव आमच्या गावाला आहे, एवढीच काय ती आमची श्रीमंती. बसवकल्याण तालुक्यातले हे होबळीचे गाव. पश्चिमेला महाराष्ट्राची शीव, खाली कलबुर्गी जिल्ह्याची हद्द. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. माझे आप्पा बाजारपेठेच्या गावी अडत दुकानावर हमाली करत. पाठीला गोणपाट, हातात आकडा आणि खांद्यावर तुरीचे नाहीतर हरभऱ्याचे पोते, हे त्यांचे रूप माझ्या डोळ्यांपुढे कायमचे आहे. त्यांच्या तरुणपणी पोते पुरते क्विंटलाचे असे. पुढे पन्नास किलोचे आले.

नववीत 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा चालू होता. गुरुजींनी फळ्यावर उदाहरण घातले : एक हमाल डोक्यावर ५० किलोचे पोते घेऊन सपाट रस्त्यावरून १०० मीटर चालला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केले? मी घाईघाईने ५० गुणिले ९.८ गुणिले १०० असा गुणाकार केला आणि ४९,००० ज्यूल असे उत्तर दिले. गुरुजी म्हणाले, "चूक. उत्तर शून्य. बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवे, दोहोंत काटकोन. म्हणून कार्य शून्य." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मग ह्याच्या आप्पाला हमाली कशाला देतात?" सारा वर्ग हसला. गुरुजीही किंचित हसले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले.

गुरुजींचे उत्तर बरोबर होते. आजही परीक्षेत मी तेच लिहीन. पण त्या दिवशी मला जे वाटले ते बरोबर-चूक या दोन शब्दांत मावणारे नव्हते. त्यानंतर आठ-दहा दिवस मी आप्पांची भाकरी घेऊन बाजारात गेलो नाही. माय विचारायची, तर अभ्यास आहे म्हणून सांगायचो. शेवटी एका रात्री आप्पांनीच विचारले, "का रं, काय झालंय?" मी खरे ते सांगितले. आप्पा रागावले नाहीत. जरा वेळ विचार करून म्हणाले, "आरं, मग ते पोतं आपुनच चालत गेलं का? आन् घाम कशाचा आला मग?"

वाचकहो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या धड्यात नव्हती. माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे की ती असायला हवी होती. हमालाला उदाहरणात आणायचे आणि त्याच्या घामाचा हिशोब मात्र द्यायचा नाही, हे विज्ञान नव्हे. ती अर्धवट शिकवणी आहे.

आता मी त्या घामाचा हिशोब माझ्या बुद्धीप्रमाणे मांडून पाहतो. टेबलावर पोते ठेवले तर टेबल ते दिवसभर उचलून धरते. टेबल थकत नाही, त्याला भाकरी लागत नाही. पोते त्याच उंचीवर राहिले, तर पोत्याची ऊर्जा वाढत नाही. म्हणून पोत्यावर झालेले कार्य शून्य. इथवर पुस्तक अगदी खरे आहे. पण माणसाचा स्नायू म्हणजे टेबल नव्हे. स्नायू ताणलेला ठेवायचा तर त्यातले सूक्ष्म तंतू सारखे आखडतात, सुटतात, पुन्हा आखडतात. प्रत्येक वेळी अन्नातून आलेली थोडी ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. शिवाय चालताना माणसाचे अंग प्रत्येक पावलाला थोडे वर-खाली होते, पाऊल टाकताना वेग कमी-जास्त होतो. म्हणजे पोत्याच्या खात्यावर शून्य जमा होते, पण हमालाच्या खात्यावरून मोठी रक्कम खर्ची पडते. आप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे : घाम त्या उष्णतेचा.

ही झाली सपाट रस्त्याची गोष्ट. आता थप्पी लावण्याचे उदाहरण घेऊ. समजा, एका हमालाने दिवसभरात ५० किलोची २०० पोती जमिनीवरून उचलून सरासरी ३ मीटर उंचीच्या थप्पीवर टाकली. एका पोत्यामागे कार्य ५० × ९.८ × ३, म्हणजे १,४७० ज्यूल. दोनशे पोत्यांचे २,९४,००० ज्यूल. अन्नाच्या हिशोबात एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. तेव्हा दिवसभराच्या कार्याच्या झाल्या सुमारे ७० किलोकॅलरी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३४० किलोकॅलरी मिळतात. शंभर ग्रॅमची एक मोठी भाकरी धरली, तर दोनशे पोती थप्पीला लावण्याचे मोल भाकरीचा पाचवा हिस्सा!

कोणी अडत्या हा हिशोब वाचून खूश होईल. पण अजून हिशोब संपलेला नाही. फळीवरून चढताना पोत्याबरोबर हमालाचे अंगही चढते. अंग ६० किलोचे आणि चढण दीड मीटरची धरली, तर दोनशे खेपांचे आणखी १,७६,४०० ज्यूल. बेरीज ४,७०,४०० ज्यूल, म्हणजे सुमारे ११२ किलोकॅलरी. आता स्नायू जेवढी ऊर्जा खातो तिचा फार तर चौथा हिस्सा कार्यात उतरतो, बाकी उष्णता होते. म्हणून चारपट केली की झाल्या ४५० किलोकॅलरी, म्हणजे सव्वा भाकरीहून थोडे अधिक. आणि यात पोते पाठीवर घेऊन केलेली सपाट चाल, खाली उतरताना सावरलेला तोल, ट्रकपाशी ताटकळत धरलेले ओझे आणि दिवसभर नुसते जिवंत राहण्यासाठी शरीराला लागणारी ऊर्जा, यांपैकी काहीच आलेले नाही. आप्पा दुपारी चार भाकऱ्या का खात, ते मला बी.एस्सी.ला आल्यावर कळले.

मला वाटते, हे उदाहरण नववीच्या कोणत्याही मुलाला सोडवता येईल. यात गुणाकार, भागाकार आणि बेरीज यांपलीकडे काही नाही. पण हे सोडवताना त्याला तीन गोष्टी कळतील, ज्या शून्य या एका उत्तरातून कळत नाहीत. पहिली, कार्य हा शास्त्रातला ठरवून घेतलेला शब्द आहे, तो कष्टाला पर्याय नाही. दुसरी, यंत्र आणि शरीर यांचा हिशोब वेगळा असतो. तिसरी, शून्य हे उत्तर हमालाचा अपमान करत नाही, ते आपल्यालाच जाब विचारते.

तिसरी गोष्ट जरा फोड करून सांगतो. सपाट जमिनीवरून पोते नेण्यासाठी निसर्ग तत्त्वतः काहीच मोबदला मागत नाही, असा त्या शून्याचा अर्थ आहे. मग हमाल एवढा थकतो तो का? त्याच्या हाताखाली चाक नाही म्हणून. चांगल्या चाकाच्या हातगाड्याला साधारण ओझ्याच्या दोन-तीन टक्के एवढे बल लावावे लागते. १०० किलोच्या ओझ्याला २ टक्क्यांनी सुमारे २० न्यूटन. शंभर मीटरला २,००० ज्यूल, की काम झाले. म्हणजे जी मेहनत चाकाने वाचली असती ती माणसाच्या मानेवर आणि मणक्यावर घातली जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुष कामगाराने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक असेल तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. ही सारी माहिती नागरिकशास्त्राची म्हणून बाजूला ठेवतात. मी म्हणतो, तिचा पाया भौतिकशास्त्रात आहे. ज्या वर्गात 'शून्य' हे उत्तर येते त्याच वर्गात 'मग चाक का नाही?' हा प्रश्नही यायला पाहिजे.

आणि गंमत अशी की कार्य ही कल्पना मुळात मजुरांकडे पाहूनच आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या कुलोंबने, ज्याचा विद्युतप्रभारांचा नियम आपण पाठ करतो त्याच कुलोंबने, माणूस दिवसभरात किती श्रम करू शकतो याचा अभ्यास केला. जिना चढणारी, ओझी वाहणारी माणसे त्याने हिशोबात घेतली. पुढे १८२९ साली कोरिऑलिसने यंत्रांवरच्या आपल्या ग्रंथात बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला फ्रेंच भाषेतला मेहनतीचा साधा शब्द दिला, तोच पुढे शास्त्रीय कार्य झाला. म्हणजे मजुराच्या तोंडचा शब्द शास्त्रज्ञाने उचलला, घासूनपुसून काटेकोर केला, आणि आज तोच शब्द घेऊन आपण मजुराच्या मुलाला सांगतो की तुझ्या बापाने काही केले नाही. शब्द उधार नेला तर निदान त्याचा अर्थ बदलला आहे एवढे तरी मालकाला सांगून ठेवावे!

शब्दांवरून आठवले. आमच्या सीमाभागातल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. मराठी माध्यमातून दहावी करून जो कन्नड मित्रांबरोबर अभ्यासाला बसतो त्याला ती कळेल. मराठीत एनर्जी म्हणजे ऊर्जा आणि पॉवर म्हणजे शक्ती. कन्नडमध्ये एनर्जी म्हणजे शक्ती आणि पॉवर म्हणजे सामर्थ्य. तेव्हा कन्नड मित्र 'चलनशक्ती' म्हणाला की त्याच्या मनात गतिज ऊर्जा असते, आणि मी मात्र वॅटमध्ये उत्तर शोधत बसतो. स्थितिज ऊर्जेला ते 'प्रच्छन्न शक्ती' म्हणतात, म्हणजे लपलेली. हा शब्द मला आपल्या शब्दापेक्षा अधिक बोलका वाटतो. धरणाच्या पाण्यात, ताणलेल्या गोफणीत ऊर्जा लपलेलीच तर असते. त्वरणाला कन्नडमध्ये 'वेगोत्कर्ष' म्हणतात. वेगाचा उत्कर्ष! एकदा ऐकला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. उलट 'जव' हा त्यांचा शब्द ऐकून आम्हाला धान्य आठवते, आणि आमचा 'चाल' हा शब्द ऐकून त्यांना काहीच कळत नाही. उर्दू शाळेतून आलेला मित्र बलाला 'कुव्वत' आणि ऊर्जेला 'तवानाई' म्हणतो. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९१८ मध्ये, उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि शास्त्रे उर्दूतून शिकवायची म्हणून तिथे भाषांतराचे मोठे काम झाले. म्हणजे देशी भाषेतून विज्ञान शिकवण्याचा प्रयोग आमच्या या मुलखाला नवा नाही.

'कार्य' या शब्दाचेच पाहा. मराठीत घरी लग्न असले की 'कार्य' आहे म्हणतात, पुढारी 'कार्य' करतात, संतांचे 'कार्य' असते. हमाल मात्र काम करतो. म्हणून मराठी मुलाला कार्य शून्य म्हटले तर निदान शब्द परका वाटतो. कन्नडमध्ये 'केलस' हाच शब्द आहे, जो नोकरीला, घरकामाला, शेतातल्या मजुरीला वापरतात. कन्नड माध्यमातल्या हमालाच्या पोराला तर गुरुजी सरळ सांगतात, तुझ्या बापाचे केलस शून्य! आणि हे कुठे, तर बसवण्णांच्या कल्याणात. बाराव्या शतकात ज्या भूमीत कायकाचा, म्हणजे अंगमेहनतीच्या प्रामाणिक कामाचा एवढा महिमा सांगितला गेला, जिथे नावाडी, चांभार, परीट आपापल्या धंद्याच्या नावासह अनुभवमंटपात बसले असे परंपरा सांगते, त्या भूमीत हे वाक्य उच्चारताना शिक्षकाने क्षणभर थांबायला नको का? थांबून एवढेच म्हणावे, 'बाळांनो, इथे केलस हा शब्द निराळ्या अर्थाने आला आहे.' अर्धा मिनिट लागेल.

काही मित्र म्हणतील, तू भावनेच्या भरात लिहितोस. घर्षणरहित पृष्ठभाग, वजनरहित दोरी, बिंदूएवढी वस्तू या कल्पना नसतील तर भौतिकशास्त्र उभेच राहणार नाही. हे मला मान्य आहे. गॅलिलिओने उतरत्या गुळगुळीत खोबणीतून गोळे सोडले आणि घर्षण नसते तर काय झाले असते याचा मनाने विचार केला, म्हणून तर गतीचे नियम हाती आले. आधी सोपे करून घ्यावे, मग एकेक अडचण वाढवावी, हीच शास्त्राची रीत. माझी तक्रार अशी की आम्ही पहिल्या पायरीवरच थांबतो. घर्षण काढून टाकतो आणि ते पुन्हा घालायला विसरतो. त्याच गॅलिलिओचा १६३८ सालचा मोठा ग्रंथ कुठून सुरू होतो? व्हेनिसच्या जहाजांच्या कारखान्यापासून. तिथल्या कारागिरांकडून विचारी माणसाला पुष्कळ शिकता येते, या विचाराने संवाद सुरू होतो. आणि तो संवाद लिहिला आहे लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या इटालियन भाषेत.

आपल्याकडे तरी काय निराळे होते? भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातल्या लीलावतीतली उदाहरणे पाहा. भुंगे आहेत, हंस आहेत, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप आहे. वाऱ्याने मोडलेल्या ३२ हात उंचीच्या बांबूचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला, हे विचारले आहे. उत्तर १२ हात. बांबू ज्याने पाहिला आहे त्याला त्रिकोण दिसायला वेळ लागत नाही. मात्र आपले म्हणून सगळेच खरे, असेही मी म्हणणार नाही. त्याच भास्कराचार्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. तसे चाक कधी अखंड फिरले नाही आणि फिरणारही नाही, कारण ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. आचार्यांचा बांबू शिकवावा, आणि पाऱ्याचे चाक का फिरत नाही तेही शिकवावे. दोन्ही उत्तम उदाहरणे आहेत.

आमच्या भागात अशा उदाहरणांना काय तोटा? आज मोटा दिसत नाहीत, पण त्या हाकलेली म्हातारी माणसे गावात होती, त्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. मोटेची धाव नेहमी उताराची असे. का? १५० लिटरची मोट १० मीटर खोल विहिरीतून काढायची तर १४,७०० ज्यूल कार्य. बैलजोडीचे वजन ७०० किलो आणि धावेचा उतार एक मीटरचा धरला, तर उतरताना जोडीच्या वजनानेच ६,८६० ज्यूल मिळतात. स्नायूंना राहिले ७,८४० ज्यूल. परत येताना रिकाम्या मोटेनिशी जोडीला तेच ६,८६० ज्यूल चढून फेडावे लागतात. म्हणजे एकूण ऊर्जेत एका ज्यूलचीही बचत नाही, पण ओझे जाण्या-येण्यात जवळजवळ सारखे वाटले गेले! ज्याने पहिल्यांदा धाव उतरती केली त्याला समीकरण येत नव्हते, पण बैलाचे दुःख कळत होते. खेचायला अर्धा मिनिट धरला तर ही मोट सुमारे ४९० वॅटची, म्हणजे एका अश्वशक्तीच्या दोन तृतीयांश. आज विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार असते. तिच्याएवढ्या शक्तीला एकाच वेळी खेचणाऱ्या सात-आठ मोटा लागल्या असत्या. हे एक उदाहरण सोडवले की बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती या चौघांतला फरक आयुष्यभर विसरणार नाही.

बीदर शहरात बहामनी काळातली करेझ आहे, तिला लोक सुरंग बावी म्हणतात. जमिनीखालून अगदी बेताच्या उताराने पाणी खेळवले आहे. त्याला मोट नको, मोटार नको. स्थितिज ऊर्जेचा धडा शिकवताना तिथे एक दिवस सहल नेली तर फळ्यावरच्या चार तासांचे काम होईल.

आणि एक उदाहरण असे आहे की ते न शिकवणे मी गुन्हा समजतो. आमच्या तालुक्यातून पुणे-हैदराबाद हमरस्ता जातो. पोरे मोटारसायकलवरून कशी जातात ते सर्वांना ठाऊक आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर ब्रेक दाबल्यावर गाडी ९ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, ८० केला, की लागतात ३६ मीटर. दुप्पट नव्हे, चौपट; कारण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो. पुढचे संकट दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आधीच ११ आणि २२ मीटर मागे पडलेले असतात. म्हणजे एकूण २० मीटर आणि ५८ मीटर. रस्त्यावर उसाची चिपाडे, खडी किंवा पावसाचे पाणी असेल तर याहून अधिक. रात्री दिवा न लावता उभी असलेली उसाची ट्रॉली ३० मीटरांवर दिसली, तर पहिला घरी पोहोचतो, दुसरा पोहोचत नाही. 'अर्धा एम व्ही वर्ग' हे सूत्र पाठ असलेली मुले या रस्त्यावर गेली आहेत. सूत्र पाठ होते, पण ते आपल्या गाडीला लागू आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

परिसरातून विज्ञान शिकवावे ही कल्पना माझी नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबादला त्या दिशेने मोठा प्रयोग सुरू झाला आणि तो तीस वर्षे चालला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शाळेतले ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडा असेच सांगितले. पण आराखडा दिल्लीत होतो आणि उदाहरण फळ्यावर पडते ते आमच्या गावात. दिल्लीच्या लेखकाला धाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ते काम इथल्यांनीच करायचे आहे, आणि पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. पुस्तकातली दहा उदाहरणे सोडवा, अकरावे आपले घाला, एवढेच माझे मागणे आहे. परीक्षेचे गुण त्यामुळे कमी होणार नाहीत, झाले तर वाढतील.

माझी एक सूचना आहे. आपल्या मासिकात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. दोन्ही विभाग एकाच बांधणीत असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दर वर्षी दोन पाने अशी ठेवावीत की डाव्या पानावर पाच उदाहरणे कन्नडमध्ये आणि उजव्या पानावर तीच मराठीत, खाली दोन्हींकडच्या पारिभाषिक शब्दांची जोडी. उदाहरणे मात्र इथलीच असावीत : अडत बाजार, रहाट, ऊसाची ट्रॉली, जाते, पिठाची गिरणी, बसच्या टपावरचे सामान. आसपासच्या हायस्कुलांना ती पाने फुकट वाटावीत. खर्च फारसा नाही. मराठीकडची पाच उदाहरणे लिहून देण्याची जबाबदारी मी घेतो. कन्नड विभागातल्या एखाद्या मित्राने दुसऱ्या पानाची घ्यावी. 'शक्ती' या शब्दावरून आमची भांडणे होतील, पण ती छापण्यासारखी होतील.

हा लेख लिहीत असताना आप्पा शेजारी बसले होते. आता त्यांच्याने पोते उचलत नाही, गुडघे गेले आहेत. "काय लिवलालास?" म्हणाले. मी थप्पीचा हिशोब वाचून दाखवला. सव्वा भाकरीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले. म्हणाले, "दोनशे पोती कुठली? सुगीत तीनशे व्हायची. आन् फळी ओली आसली तर?" ओल्या फळीचा हिशोब मी केलेला नाही. घर्षण कमी झाल्यावर पाय घट्ट रोवण्यासाठी स्नायूंना किती जास्त ऊर्जा लागते, याचे सूत्र माझ्या पुस्तकात मला सापडले नाही. कोणा वाचकाला सापडले तर त्याने जरूर कळवावे. तोवर तीनशे पोत्यांचा आकडा घालून वरचे उदाहरण पुन्हा सोडवून पाहा.